जातं गेलं, गाणं कुठं गेलं?

(खोपट, ठाणे येथे वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बोलायला उभी राहण्याआधी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला. शेवटचं मोठ्यानं कधी गायलात? कुणी म्हणालं, भाचीच्या हळदीला. कुणी म्हणालं, मुलगा पाळण्यात होता तेव्हा. तो मुलगा आता नोकरीला लागलाय. आणि मागं बसलेल्या आजी म्हणाल्या, "जातं होतं तोवर." मी आज त्या आजींच्या उत्तरावरच बोलणार आहे.

इथं खोपटच्या एसटी स्टँडवर आपल्यापैकी कितीतरी जणी गाठोडं घेऊन उतरल्या. कुणी साताऱ्याहून, कुणी बीडहून, कुणी कोकणातून. गाठोड्यात जातं आलं नाही. खोलीत जागा नव्हती आणि कोपऱ्यावर गिरणी होती. मी म्हणते, बरंच झालं. पहाटे उठून खुंटा ओढणं हे हाडं झिजवणारं काम होतं. जात्याचं गुणगान करणाऱ्यांनी खुंटा बहुधा हातात धरलेलाच नसतो. मला जातं परत आणायचं नाही. पण त्या कष्टाबरोबर बाईच्या हातून आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे तिची बोलायची जागा. पहाटेच्या अंधारात, समोर एखादी जाऊ नाहीतर शेजारीण, आणि "गप्प बस" म्हणणारं कुणी जागं नाही. सासुरवास, मेलेलं मूल, न आलेला भाऊ, रानात टाकलेली सीता, सगळं त्या घरघरीत बोललं जायचं.

ते किती बोललं गेलं याचा पुरावा आहे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या गरीब बायांबरोबर काम करताना हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९६ मध्ये बर्नार्ड बेल यांच्याबरोबर त्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. त्याच वर्षी बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं हा ठेवा सर्वांसाठी खुला केला आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी रचलेल्या लाखभर ओव्या! मग बाईला बोलता येत नाही असं कोण म्हणतं?

आता शरीराचं पाहू. ओवी म्हणताना काय होतं? एक ओळ एका श्वासात म्हणायची, मग थांबून भरपूर हवा आत घ्यायची. श्वास लांबवत, हळूहळू सोडला की हृदयाचे ठोके संथ होतात. हे योगाच्या वर्गातही शिकवतात, आपल्या आज्या ते दळता दळता करत होत्या. स्वीडनमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत वर-खाली होतात असं त्यात दिसलं, कारण गाण्यामुळे सगळ्यांचा श्वास एका वेळी चालतो. आपण सभेला जमतो, मोर्च्यात एकमेकींचा हात धरतो आणि गाणं सुरू झालं की भीती कमी होते. ते काही नुसतं मनाचे खेळ नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून अहवाल काढला. कलेचा उपयोग आजार टाळायलाही होतो आणि उपचाराला साथ म्हणूनही होतो, असं त्यात मांडलं आहे. इंग्लंडमधला एक प्रयोग मला आपल्या कामाचा वाटतो. बाळंतपणानंतर उदासीनं घेरलेल्या १३४ आयांचे तीन गट केले. एका गटानं दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गाणी म्हटली, दुसरा बाळांशी खेळला, तिसऱ्याला नेहमीची सेवा मिळाली. ज्यांचा त्रास जास्त होता, त्यांच्यातल्या गाणाऱ्या आया नेहमीची सेवा मिळणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या. पुढं बाकीच्याही सावरल्या. पण मांडीवर तान्हं मूल असताना काही आठवडे आधी सावरणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडं बाळंतीण रडली की "दूध आटेल, रडू नको" एवढंच सांगतात. तिच्याबरोबर कुणी गात नाही.

पण इथं एक धोका आहे, तो स्पष्ट सांगते. आमच्या गटातली एक ताई नवऱ्याच्या मारानं खचली होती. झोप नाही, जेवण नाही. घरच्यांनी सल्ला दिला, भजनाला जात जा, मन रमेल. ती गेली. मन रमलं, मार चालूच राहिला. पुढं ती आमच्याकडं यायला लागली. एका मंगळवारी सगळ्याजणी गात असताना तिचा आवाज मध्येच तुटला आणि मग सगळं बाहेर आलं. आम्ही तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेलो, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. ती म्हणते, "गाण्यानं मार थांबला नाही. पण माझं तोंड उघडलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. गाणं हे न्यायाच्या बदली देण्याचं औषध नाही. पोटाला अन्न नाही, अंगावर वळ आहेत आणि हातात टाळ दिले, तर ती फसवणूक आहे. तसंच गाणं डॉक्टरच्या बदलीही नाही. दोन आठवडे मन उठत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "ठाण्याला पाठवा" ही महाराष्ट्रभर शिवी होऊन बसली आहे. ज्या गावाच्या नावाची शिवी झाली, त्या गावच्या बायांनी तरी ती लाज झटकायला हवी. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा फोन २०२२ मध्ये सुरू झाला. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. लिहून घ्या आणि शेजारणीलाही द्या.

मग आपण काय करायचं? बैठकीची सुरुवात दहा मिनिटं गाण्यानं करू. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाही. "तुझा आवाज बेसूर आहे" हे जिला लहानपणी ऐकवलं गेलं, तिला आधी सांगा, इथं सूर कुणी मोजत नाही. जिला गायचं नाही तिनं टाळी धरावी, तेही नको असेल तर नुसतं बसावं. भोंडल्याची, मंगळागौरीची, आंबेडकरी, चळवळीची, सगळी गाणी येऊ द्या. ज्या गाण्यात बाईची निंदा असेल त्याची ओळ बदलू. ओवी कुणाच्या मालकीची नव्हती, प्रत्येक बाई तिच्यात आपलं घालत गेली. आणि आजींसारख्या ज्या आहेत, त्यांच्या ओव्या मोबाइलवर भरून ठेवा, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांचं नाव लावून.

गिरणीनं आपले हात सोडवले, ते उत्तम झालं. गळा मात्र आपल्यालाच सोडवायचा आहे. आता मी बसते. आजी, तुम्ही पहिली ओवी उचला. आम्ही मागून धरतो.