चप्पल पायातून का निसटते?



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडे बोलायचे ठरले आहे. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून पायांविषयीच बोलते.

बसल्या जागी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली हात लावा. हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याला वळसा घालून एक नस नडगीकडे जाते. तिथे तिच्यावर मांसाची गादी नाही, जवळजवळ कातडीच. पाऊल वर उचलण्याचा हुकूम हीच नस नेते.

शाळेत मांडी घालून बसलो की पायाला मुंग्या यायच्या. उठून पाय झटकला की संपले. पण आपल्या जुन्नर-आंबेगावात रब्बी कांद्याची लागण सुरू झाली की बायका तासन्‌तास उकिडव्या बसतात. काम उक्ते घेतलेले, म्हणून कुणी उठत नाही. ही नस दबून राहिली, तर एखादीचा चवडा उचलेनासा होतो. चप्पल निसटते, उंबऱ्याला बोटे अडकतात, पायरी चढावी तसा गुडघा उचलून चालावे लागते. फारसे दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. घट्ट प्लास्टर, गाडीचा अपघात, मधुमेह, कुष्ठरोग यांमुळेही असे होते.

घरचे म्हणतात, ‘लकवा मारला.’ मग तेल आणि शेक. बधिर कातडीला चटका कळत नाही, वर जखम होते. हात, चेहरा किंवा बोलणेही बिघडले असेल, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठा. नुसता चवडा पडला असेल, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अंगावर बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

नुसती दबलेली नस बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सावरते. आतला तंतू तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. तोवर पावलाला आधाराची पट्टी आणि रोजचा व्यायाम हवा, नाहीतर टाच आखडते. तरीही पाऊल उचलले नाही, तर दुसरा स्नायुबंध वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया आहे.

आपल्यापैकी अनेकांची शेती आहे. लागणीला टोळी लावाल, तेव्हा दर अर्ध्या तासाने सगळ्यांना उभे राहायला सांगा, आणि उक्त्याचा दर ठरवताना ती मिनिटे धरा. रोजावर पोट असलेल्या बाईचे पाऊल त्याहून महाग आहे.