बारमाही जत्रेचे शहर : लास वेगासच्या पाहुण्यांचा हिशेब
(भाषणाचा मजकूर)



आपल्या गावी वर्षातून एकदा ग्रामदेवतेची जत्रा भरते. चार दिवस देवळासमोर पाले पडतात, खाज्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात, रात्री दशावतार रंगतो, सासुरवाशिणी माहेरी येतात. पाचव्या दिवशी दुकानदार पाल उचलतो आणि गाव पुन्हा शेताकडे, कुळागराकडे, होडीकडे वळते. जत्रेने गावाला आनंद दिला, चार पैसे दिले. परंतु गाव जत्रेवर जगत नाही. आता अशा एका नगराची कल्पना करावी, की जेथे जत्रा बाराही महिने, अहोरात्र भरलेली आहे, आणि ती उठली तर परत वळावयास शेत नाही, कुळागर नाही, समुद्रही नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास हे ते नगर होय. मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या नौका उभ्या राहिल्यापासून गोव्यातील चर्चांत या नगराचे नाव वारंवार घेतले जाते. कोणी ते आदर्श म्हणून घेतात, कोणी धाक म्हणून. आदर्श मानण्यापूर्वी किंवा धाक घेण्यापूर्वी त्या नगराचा हिशेब समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

‘लास वेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणे’ असा आहे. वाळवंटातील झऱ्यांमुळे तेथे गवत उगवे, म्हणून हे नाव पडले. एरवी तेथील पाऊस वर्षाकाठी जेमतेम चार इंच. आपल्याकडे आषाढातला एखादा दिवस तेवढा पाऊस देऊन जातो. १९०५ साली रेल्वेमार्गालगतच्या भूखंडांचा लिलाव झाला आणि नगर वसले. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या : नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर ठरविला, आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. पहिल्या गोष्टीने नगराला धंदा दिला, दुसरीने पाणी आणि वीज. १९४१ साली लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर ‘एल रँचो वेगास’ हे पहिले मोठे विश्रामस्थान उभे राहिले, १९४६ साली ‘फ्लेमिंगो’ उघडले, आणि पाहता पाहता तो रस्ता ‘स्ट्रिप’ या नावाने जगप्रसिद्ध झाला. येथे पंचायतींच्या प्रतिनिधींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रस्त्याचा बहुतेक भाग लास वेगास नगरपालिकेच्या हद्दीत येतच नाही. त्याचा कारभार क्लार्क काउंटी, म्हणजे जिल्ह्याची संस्था, पाहते.

आता पाहुण्यांच्या आकड्यांकडे वळू. १९७० साली या नगरास सुमारे ६८ लाख लोकांनी भेट दिली. १९८० साली हा आकडा १ कोटी १९ लाखांवर गेला, १९९० साली २ कोटी ९ लाख झाला आणि २००० साली ३ कोटी ५८ लाख. २०१६ साली त्याने ४ कोटी २९ लाखांचा उच्चांक गाठला. ज्या नगरीत व परिसरात सुमारे तेवीस लाख लोकांची वस्ती आहे, तेथे चार कोटींहून अधिक पाहुणे, हे प्रमाण सामान्य नव्हे. तथापि हा आकडा कसा काढतात, तेही समजले पाहिजे. हॉटेलांच्या किती खोल्या भरल्या, एका खोलीत सरासरी किती माणसे उतरली आणि किती रात्री राहिली, यावरून मुख्यतः हा अंदाज बांधला जातो. एकच गृहस्थ वर्षातून चार वेळा आला तर तो चार वेळा मोजला जातो. म्हणजे हा आकडा माणसांचा नसून खेपांचा आहे. पर्यटनाचा कोणताही आकडा हाती येताच तो मोजला कसा, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न असा, की पाहुणा कोणत्या वारी येतो? लास वेगासचा सर्वांत मोठा धडा याच प्रश्नात आहे. तेथील पाहुण्यांपैकी पुष्कळसे दक्षिण कॅलिफोर्नियातून येतात. लॉस एंजेलिसहून मोटारीने चार-पाच तासांचा रस्ता; शुक्रवारी सायंकाळी निघावे आणि रविवारी परतावे, हा त्यांचा क्रम. त्यामुळे शुक्रवारी आणि शनिवारी खोली मिळणे कठीण, आणि सोमवार ते गुरुवार त्याच खोल्या रिकाम्या. खोली रिकामी असली तरी तिचे कर्ज, तिची वीज, तिची देखभाल थांबत नाही. १९५५ च्या सुमारास हॉटेले गिऱ्हाइकापेक्षा अधिक झाली आणि काही बुडालीही. त्याच वर्षी क्लार्क काउंटीत एक सार्वजनिक मंडळ स्थापन झाले. प्रत्येक हॉटेलच्या खोलीवर अल्पसा कर बसवावा आणि त्या पैशातून अधिवेशनांसाठी भव्य सभागृह बांधावे, अशी ही योजना होती. १९५९ साली रुपेरी घुमटाचे ते केंद्र उघडले.

या योजनेमागील व्यवहारज्ञान साधे परंतु खोल होते. सहलीला निघालेला माणूस सुटीच्या दिवशी येतो. व्यापारी, वैद्य, अभियंता, दुकानदार आपापल्या व्यवसायाच्या अधिवेशनाला कामाच्या दिवशी येतो. त्याचा खर्च बहुधा त्याची संस्था करते, आणि अधिवेशनाची तारीख वर्ष-दोन वर्षे आधी ठरलेली असते. तात्पर्य, जे वार रिकामे जात होते ते अधिवेशनांनी भरले. १९७८ पासून विद्युत उपकरणांचे मोठे प्रदर्शन तेथे हिवाळ्यात भरू लागले. आज प्रतिवर्षी जानेवारीत त्यासाठी एक लाख तीस हजारांहून अधिक लोक जमतात. २०१९ साली अधिवेशनांसाठी आलेल्यांची संख्या सुमारे ६६ लाख होती. एकूण पाहुण्यांत त्यांचा वाटा सहा-सातांतील एक एवढाच. पण मधले वार सांभाळणारा तोच. त्या वर्षी सुमारे दीड लाख खोल्यांपैकी सरासरी ८९ टक्के भरलेल्या होत्या, त्यामागे हे गणित आहे.

याचा अर्थ ही जत्रा कधी ओसरत नाही असा नव्हे. १९७८ साली पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटीत कॅसिनो उघडले आणि नेवाडाची मक्तेदारी संपली. १९८० च्या नोव्हेंबरात एका मोठ्या हॉटेलला लागलेल्या आगीत ८५ जण मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास देशात मंदी होती. १९८० ते १९८२ या काळात पाहुण्यांचा आकडा घसरला. आगीनंतर राज्याने उंच इमारतींतील अग्निप्रतिबंधक व्यवस्थेचे नियम कडक केले. पुढे ‘जुगाराला पर्याय काय?’ या विचारातून नाट्यप्रयोग, भोजनगृहे, दुकाने यांवर भर आला. १९८९ साली उघडलेल्या ‘मिराज’ने या युगाचा आरंभ केला, ते स्वतः २०२४ साली बंद झाले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगाराबाहेरून येऊ लागले. ज्यांना कॅसिनो म्हणजेच लास वेगास असे वाटते, त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. अलीकडे खेळांच्या सामन्यांचीही भर पडली : २०२० साली मोठे क्रीडागार उभे राहिले, २०२३ च्या नोव्हेंबरात स्ट्रिपवरून मोटारींची शर्यत धावली.

परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टाने आणि २०२० च्या करोनाच्या साथीने या नगराची दुबळी बाजू उघडी केली. २००७ साली ३ कोटी ९२ लाखांवर असलेला आकडा २००९ साली ३ कोटी ६३ लाखांवर आला. घट सात-आठ टक्क्यांची. पण बांधकामे अर्धवट थांबली, घरे जप्त झाली, आणि २०१० साली राज्यातील बेकारी सुमारे १४ टक्क्यांवर पोहोचली. २०२० च्या मार्चमध्ये तर सर्व कॅसिनो बंद करण्याचा हुकूम निघाला. ज्या दारांना कधी कुलूपच नव्हते, ती ७८ दिवस बंद राहिली. एप्रिलमध्ये राज्यातील बेकारी सुमारे ३० टक्के झाली. वर्षाअखेर पाहुणे अवघे १ कोटी ९० लाख भरले.

शिक्षकबंधूंनी पुढील गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नेवाडा राज्यात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. राज्याची तिजोरी विक्रीकर, जुगारावरील कर आणि तत्सम बाबींवर भरते. हॉटेलच्या खोल्यांवरील कराचा एक भाग शाळांनाही जातो. पाहुणा येतो तोवर ही सोय सर्वांना गोड वाटते. पाहुणा थांबला तेव्हा २०२० च्या जुलैत विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावून सुमारे १२० कोटी डॉलरांची तूट भरून काढावी लागली, आणि शिक्षण व आरोग्य यांच्या खर्चालाही कात्री लागली. हॉटेलची खोली रिकामी राहिली आणि तिची झळ वर्गातील मुलापर्यंत पोहोचली.

साथ ओसरल्यावर नगर पुन्हा गजबजले. २०२४ साली पाहुण्यांची संख्या सुमारे ४ कोटी १७ लाख होती. पण एक नवी प्रवृत्ती दिसू लागली. २०१९ साली खोलीचा सरासरी दर रात्रीला सुमारे १३३ डॉलर होता. २०२४ साली तो १९३ डॉलर झाला. शिवाय हॉटेले ‘सुविधा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम घेतात, आणि जेथे मोटार फुकट उभी करता येई तेथे २०१६ पासून एकेका हॉटेलने पैसे आकारण्यास आरंभ केला. पाहुणे थोडे कमी, पण प्रत्येकाकडून अधिक, असे हे धोरण. २०२५ साली आकडा सुमारे ३ कोटी ८५ लाखांवर उतरला. जून महिन्यातील घट ११ टक्क्यांहून अधिक होती, आणि कॅनडातून येणारे पाहुणे ठळकपणे कमी झाले. अधिवेशनांना येणारे मात्र त्या मानाने टिकून राहिले. ज्याचा खर्च संस्था करते तो आला. जो स्वतःच्या खिशातून करतो त्याने हात आखडता घेतला.

पाहुणा आला तरी यजमानाच्या हाती काय उरते, हा तिसरा प्रश्न. तेथील खोल्या झाडणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या कामगारांची सुमारे साठ हजार सभासदांची संघटना आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात संपाच्या उंबरठ्यावर मोठ्या कंपन्यांशी तिचे करार झाले. खोलीची सफाई रोज व्हावी, ही त्यातील एक महत्त्वाची बाब होती. वरवर ही पाहुण्याची सोय दिसते. पण सफाई रोज झाली नाही तर कामाचे तास घटतात, आणि साचलेली घाण एका दिवसात उपसताना त्या बाईची पाठ मोडते.

चौथा प्रश्न पाण्याचा. या नगराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे. त्या नदीत नेवाडाचा हक्क सर्व राज्यांत लहान. म्हणून घरातील आणि हॉटेलातील जवळजवळ सर्व सांडपाणी शुद्ध करून हूवर धरणाच्या जलाशयात परत सोडले जाते, आणि जितके परत जाते तितके पुन्हा घेण्याची मुभा मिळते. स्नानगृहातील पाणी अशा रीतीने परतते. हिरवळीवर शिंपडलेले उडून जाते. यास्तव २०२१ साली कायदा करून केवळ शोभेसाठी लावलेली हिरवळ काढण्याचे ठरले. कुरणांच्या नावाचे नगर स्वतःचे गवत उपटते आहे, ही परिस्थितीची सक्ती होय.

आता क्षणभर घराकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. २०२४ साली गोव्यास एक कोटीहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. लास वेगासचे मधले वार, तसे आपले पावसाळ्याचे महिने. २००४ पासून पणजीत भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव एरवी नोव्हेंबरात, म्हणजे भर हंगामात असतो. जून ते सप्टेंबर या काळात परिषदा, शिबिरे, अभ्यासवर्ग कसे आणता येतील, याचा विचार वरील उदाहरणावरून करता येईल. मात्र गोव्यापाशी एक ठेव अशी आहे, जी त्या वाळवंटी नगरापाशी नाही. येथे खाजन शेती आहे, काजूची डोंगरी आहे, नदी आणि समुद्र आहेत. पाहुणा एखाद्या वर्षी आला नाही तरी वळावयास जागा आहे. ती जागा पाहुण्याच्याच खोल्यांखाली गेली, तर मग आकडा कितीही मोठा असो, त्याच्या घसरणीचे भय कायमचे मागे लागेल.

म्हणून ज्या ग्रामसभेत ‘यंदा पाहुणे किती आले’ हे सांगितले जाईल, तेथे कोणीतरी उठून आणखी चार गोष्टी विचाराव्यात : मोजले कसे, आले कोणत्या दिवसांत, गावातील राबणाऱ्याच्या हाती काय उरले, आणि विहिरीचे पाणी किती उतरले. या प्रश्नांची उत्तरे ज्या गावाच्या दप्तरी लिहिलेली असतील, त्या गावाला जत्रा उठण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.