मुलांच्या वाटा कोणत्या वयांत वेगळ्या व्हाव्यात?

निरनिराळ्या देशांतील शिक्षणपद्धतींची तुलना करतांना आपलें लक्ष बहुधा पाठ्यपुस्तकें, परीक्षा आणि शाळांच्या इमारती यांकडे जातें. आज मी श्रोत्यांपुढें एक निराळाच प्रश्न ठेवूं इच्छितों. आरंभीं सर्व मुलें एका वर्गांत शिकतात. पुढें एके दिवशीं त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कोणी विद्यापीठाच्या मार्गास लागतो, कोणी कारखान्याच्या. ही वाटणी कोणत्या वयांत व्हावी?

जर्मनीपासून आरंभ करूं. तेथें १९२० च्या कायद्यानें श्रीमंत व गरीब अशा सर्वांचीं मुलें पहिलीं चार वर्षें एकाच प्राथमिक शाळेंत बसूं लागलीं. त्या काळीं ही मोठीच सुधारणा होती. परंतु चौथी इयत्ता संपली, कीं बहुतेक प्रांतांत आजही मुलांची फाटाफूट होते. गिम्नाझियममध्यें जाणाऱ्या मुलाचा रोंख विद्यापीठाकडे असतो, इतर शाळांतील बहुतेकांचा धंदेशिक्षणाकडे. मुलाचें वय या वेळीं अवघें दहा वर्षांचें असतें! धंदेशिक्षणास तेथें मान आहे, हें कबूल केलें पाहिजे. उमेदवार आठवड्यांतील कांहीं दिवस वेतन घेऊन काम शिकतो व उरलेले दिवस शाळेंत घालवितो. ही व्यवस्था खरोखर अनुकरणीय आहे. तथापि २००० सालच्या ‘पिसा’ नामक आंतरराष्ट्रीय चांचणीनें जर्मनांची झोंप उडविली. त्यांचे विद्यार्थी सरासरीच्याही खालीं होते. आणि मुलाचें यश घरच्या परिस्थितीवर तेथें जितकें अवलंबून होतें, तितकें फार थोड्या देशांत होतें. असें असूनही, प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याची योजना २०१० सालीं हँबुर्गमध्यें मतास टाकण्यांत आली, तेव्हां नागरिकांनीं ती फेटाळून लावली.

इंग्लंडांत १९४४ च्या कायद्यानें माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झालें. पण अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन थोड्यांस ग्रामर शाळेंत व उरलेल्यांस इतरत्र पाठविण्याचा प्रघात पडला. १९६५ सालीं सरकारनें सर्वांसाठीं एकच माध्यमिक शाळा असावी असें धोरण जाहीर केलें. तरी आजही तेथें १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत, आणि केंटसारख्या परगण्यांत त्या परीक्षेसाठीं पालक खासगी शिक्षक ठेवतात. ज्यास शिक्षक ठेवणें परवडतें त्याचा मुलगा अधिक हुषार ठरतो, यांत नवल तें काय?

जपाननें १९४७ सालीं सहा आणि तीन मिळून नऊ वर्षांचें समान शिक्षण सक्तीचें केलें. तेथें वाटणी पंधराव्या वर्षीं, उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेनें होते. परंतु त्या परीक्षेच्या धास्तीनें असंख्य मुलें संध्याकाळीं ‘जुकु’ नांवाच्या खासगी शिकवण्यांस जातात. तात्पर्य, वाटणी नुसती पुढें ढकलून भागत नाहीं. मागें पडणाऱ्यास हात देण्याची सोय शाळेंतच करावी लागते.

ही सोय फिनलंडनें केली. पूर्वीं तेथेंही अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची निवड होत असे. १९६८ सालीं कायदा झाला. १९७२ सालीं उत्तरेकडील लॅपलंडपासून नव्या शाळा सुरू झाल्या, आणि १९७७ पर्यंत त्या हेलसिंकीस पोंचल्या. सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत सर्व मुलें एकाच शाळेंत शिकूं लागलीं. हुषार मुलांचें नुकसान होईल, असा त्या वेळीं ओरडा झाला. परंतु राज्यकर्त्यांनीं शिक्षकास पदव्युत्तर शिक्षण आवश्यक ठरविलें, आणि अडखळणाऱ्या मुलास प्रारंभींच खास शिक्षकाची मदत दिली. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं या पिढीचा अभ्यास केला, तेव्हां बापाच्या मिळकतीवरून मुलाची मिळकत ठरण्याचें प्रमाण सुमारें एक चतुर्थांशानें घटल्याचें दिसून आलें. फिनलंड म्हणजे स्वर्ग नव्हे. २००६ नंतर तेथील मुलांचे चांचण्यांतील गुण सतत घटत आले आहेत. तथापि मूल दहा वर्षांचें असतां त्याची कुवत जोखूं जावें, तर बरेचदां त्याच्या घराचीच कुवत जोखली जाते, हा धडा कांहीं त्यानें खोटा ठरत नाहीं.

आतां स्वदेशाकडे वळूं. आपल्या २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. दहाव्या वर्षीं मुलांस वेगळें काढणारी परीक्षा आपल्याकडे नाहीं. परंतु वाटणी होते, आणि ती जर्मनीच्याही आधीं होते: मूल तीन-चार वर्षांचें असतांना, फीच्या आंकड्यावरून व माध्यमावरून. खासगी शाळांनीं एक चतुर्थांश जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठीं ठेवाव्यात, असें हा कायदा सांगतो तें ही दरी अंशतः बुजविण्यासाठींच. जर्मनांनीं व फिनिश लोकांनीं आपला निर्णय उघड वाद घालून केला. आपल्याकडे तो घरोघरीं, प्रवेशाच्या अर्जावर, मुकाट्यानें होतो.

आपल्या मुलासाठीं उत्तम शाळा शोधूं नये, असें मी कोणासही सांगणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, वस्तींतील नगरपालिकेची शाळा चांगली चालते कीं नाहीं, तींत पुरेसे शिक्षक आहेत कीं नाहींत, ही चौकशी ज्यांचीं मुलें तेथें जात नाहींत त्यांनींही केली पाहिजे.