सातपुड्याच्या कुशीतून पर्यावरणशास्त्राकडे



नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि सातपुड्याच्या दक्षिण पायथ्यापासून तापीचे काळ्या मातीचे खोरे सुरू होते. अस्तंब्याचे शिखर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक उंच आहे, तर नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या पाण्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. तोरणमाळचे पठार, तीव्र उताराच्या दऱ्या, सागाची वने, मिरची-उसाची शेती आणि दोन मोठ्या नद्या हे सारे एकाच जिल्ह्यात सामावलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांचे जीवन पाणी, वन आणि जमीन यांच्याशी निगडित आहे. पर्यावरणात होणाऱ्या बदलाची झळ ज्यांना प्रथम लागते, त्यांच्याच मुला-मुलींनी पर्यावरणशास्त्र हा व्यवसाय म्हणून का स्वीकारावा आणि त्यासाठी कोणती तयारी करावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

कायद्यांतून उभा राहिलेला व्यवसाय

१९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी जागतिक परिषद भरली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रणाचे मंडळ अस्तित्वात आले होते. पुढे १९७४ चा जल कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा असे एकामागून एक कायदे देशात झाले.

या कायद्यांनी केवळ मनाई केली नाही, तर मोजमाप आवश्यक ठरविले. उदाहरणार्थ, कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडावयाचे असेल, तर त्याची जैविक प्राणवायू मागणी सर्वसाधारणपणे लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. ती जाणून घेण्यासाठी पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवून सूक्ष्मजीवांनी किती प्राणवायू वापरला, हे तपासले जाते. पाण्यात सेंद्रिय घाण जितकी अधिक, तितका प्राणवायू अधिक खर्ची पडतो आणि माशांच्या वाट्याला तितकाच कमी उरतो. ‘नदीचे पाणी बिघडले’ ही तक्रार गावकरी डोळ्यांनी पाहून करतो. तिला कायद्यापुढे वजन येते ते अशा आकड्यामुळे. हा आकडा प्रामाणिकपणे काढणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि तो लोकांना समजावून सांगणारा मनुष्य म्हणजे पर्यावरणशास्त्रज्ञ होय.

नवापूरचा धडा

असा मनुष्य घटनास्थळाच्या जवळ असणे किती मोलाचे आहे, हे २००६ मध्ये नवापूरने देशाला दाखवून दिले. त्या वर्षाच्या प्रारंभी नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांतील कोंबड्या मोठ्या संख्येने दगावू लागल्या. हा नेहमीचा राणीखेत अर्थात मानमोडी रोग असावा, असाच प्रथम समज होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेकडे गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ विषाणूचे, निदान जाहीर झाले. भारतातील हा या रोगाचा पहिलाच उद्रेक होता. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अनेक व्यावसायिकांची घडी विस्कटली. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले. त्यांत कोणासही लागण झाल्याचे आढळले नाही, ही त्या संकटातील समाधानाची बाब होती. २०२१ मध्ये याच तालुक्यात बर्ड फ्लूने पुन्हा डोके वर काढले.

पक्ष्यांचे आरोग्य, माणसांचे आरोग्य आणि परिसराची स्वच्छता या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हा या घटनेचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, अंतिम निदान दूरच्या प्रयोगशाळेत होत असले, तरी पहिली शंका घटनास्थळीच यावी लागते. ‘हे नेहमीचे नाही’ असे ओळखून योग्य रीतीने नमुना घेणारी प्रशिक्षित व्यक्ती तालुक्यात असेल, तर मोलाचे दिवस वाचतात.

नर्मदाकाठचा अनुभव

नर्मदेच्या काठचा अनुभव याहून गंभीर आहे. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे आली. या प्रकल्पास पर्यावरण मंत्रालयाने १९८७ मध्ये सशर्त मंजुरी दिली, तेव्हा पाणलोट क्षेत्राचा विकास, पर्यायी वनीकरण, वनस्पती व प्राणिजीवन यांविषयीचे काही अभ्यास पूर्ण व्हावयाचे होते. धरणाच्या लाभहानीविषयी मतभेद असू शकतात आणि ते दीर्घकाळ न्यायालयापुढेही मांडले गेले. परंतु एका गोष्टीबाबत दुमत होण्याचे कारण नाही. जे पाण्याखाली जावयाचे आहे, त्याची नोंद ते पाण्याखाली जाण्यापूर्वीच व्हावयास हवी. कोणत्या दरीत कोणती झाडे होती, कोणत्या डोहात कोणते मासे मिळत, कोणते औषधी मूळ कोठे सापडे, हे एकदा पाण्याखाली गेले की कोणतेही शास्त्र ते परत मोजू शकत नाही.

पुढे २००६ च्या अधिसूचनेने अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आवश्यक ठरविली आणि आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करण्याचे बंधन घातले. परंतु सारांश मराठीत छापला, म्हणून तो पावरी वा मावची बोलणाऱ्या वृद्धेपर्यंत पोहोचतोच असे नाही. शास्त्राची परिभाषा आणि घरची बोली या दोहोंवर प्रभुत्व असलेला पदवीधर तेथे दुभाष्याचे काम करतोच. त्याखेरीज अहवालात काय सुटले आहे, हेही तोच दाखवू शकतो.

स्थानिक ज्ञानाचे मोल

१९४२ मध्ये पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ यांनी हार्वर्ड विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले, ते मायदेशी परतले आणि १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. गावकऱ्यांना निसर्गाची जी जाण असते तिची शास्त्रीय पद्धतीने नोंद व्हावी, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने या विचाराला अधिष्ठान दिले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमाव्यात आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी त्यात योजना आहे. या कामासाठी महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपूर येथे स्थापन झाले.

धडगाव परिसरात बाएफ या संस्थेने शेतकऱ्यांच्या साहाय्याने मका, ज्वारी आदी पिकांच्या पारंपरिक वाणांचे संकलन व जतन केले आहे. कोणते वाण कमी पावसात तग धरते, कोणते अधिक काळ टिकते, हे डोंगरातील स्त्रियांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या नातीने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून त्याच वाणांची उगवणशक्ती तपासली आणि त्यांची गुणवैशिष्ट्ये नोंदविली, तर आजीचे ज्ञान आणि नातीचे शास्त्र परस्परांना पूरक ठरतील. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क लाभलेल्या ग्रामसभांनाही मोह, चारोळी, तेंदू यांचा वापर किती व कसा करावा, यासाठी व्यवस्थापन आराखडे तयार करावयाचे असतात. झाडांची गणना, नवीन रोपांची नोंद आणि उत्पन्नाचा अंदाज ही या आराखड्याची बैठक आहे.

शिक्षणाचा मार्ग

या व्यवसायाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम एक मूळ विज्ञान पक्के करावे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र यांपैकी एका विषयाची पदवी घेऊन नंतर पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणे अनेक दृष्टींनी हिताचे आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पात्र विषयांची जी यादी आहे, तीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित आदी विषयांचा, तसेच कृषी, वनविद्या व अभियांत्रिकीच्या पदव्यांचा समावेश आहे. पर्यावरणशास्त्र हा विषय त्या यादीत स्वतंत्रपणे आढळत नाही. ही बाब बारावीनंतरच लक्षात घेतली, तर पुढील निराशा टळेल.

उत्तर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. अध्यापन व संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा विषय आहे आणि ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका समाविष्ट झाली आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘नीरी’ ही १९५८ मध्ये स्थापन झालेली या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था होय. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे आणि संशोधनासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती यांचा आधार घेता येतो. जिल्ह्यात नंदुरबार व तळोदा येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. तेथे वेळीच चौकशी करणे हा या वाटचालीचाच एक भाग समजावा.

वास्तवाचे भान

प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, वन विभाग, कारखान्यांच्या प्रयोगशाळा, सल्लागार संस्था आणि स्वयंसेवी संस्था अशी या व्यवसायाची क्षेत्रे आहेत. तथापि शासकीय पदे मर्यादित असतात आणि पदवी हाती पडताच नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. ज्याला संख्याशास्त्र येते, उपग्रह प्रतिमेवरून नकाशा करता येतो, पाण्याचे पृथक्करण स्वतःच्या हाताने करता येते आणि स्वच्छ भाषेत अहवाल लिहिता येतो, त्याला अनेक दारे खुली राहतात. नुसत्या पर्यावरणप्रेमावर हा व्यवसाय चालत नाही. उन्हातान्हात हिंडणे, एकच नोंद वर्षानुवर्षे घेत राहणे आणि गैरसोयीचा आकडाही न बदलता लिहिणे यांस येथे पर्याय नाही.

याची सुरुवात करण्यास पदवीची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. गावातील एका विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याच्या ठरावीक दिवशी दोरीने मोजून वहीत लिहिणे एखाद्या शाळकरी मुलीलाही शक्य आहे. सातपुड्याच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून साठते. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींची पातळीही सारखी नसते आणि दूरच्या एका नोंदीवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. अशी पाच वर्षांची वही ज्या गावाकडे असेल, ते गाव टंचाईच्या बैठकीत केवळ गाऱ्हाणे घेऊन जाणार नाही. पुरावा घेऊन जाईल. ती वही ठेवणारी विद्यार्थिनी पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत गेली, तरी तिच्या शास्त्राचा पहिला धडा तिने आपल्या गावातच गिरविलेला असेल.