सुई मध्येच उचलू नका



मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बोलण्याच्या ओघात ती मागे राहते आणि वेळ संपून जातो. अल्बम ऐकायचा तर सलग ऐकावा. पहिल्या गाण्यापासून, कलावंतांनी ज्या क्रमानं लावलाय त्याच क्रमानं, आणि निदान एक बाजू पुरी होईपर्यंत तरी जागेवरून उठू नये. साधारण 1966 ते 1975 या काळात इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनीत जे प्रोग्रेसिव्ह, सायकेडेलिक आणि प्रयोगशील रॉक तयार झालं, त्याबद्दल मी बोलतोय. पिंक फ्लॉइड, किंग क्रिमसन, येस, जेनेसिस ही नावं आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांना आता नवी नाहीत. कराडला, विट्याला, तासगावला मुलांच्या फोनमध्ये ‘मनी’ असतं, ‘टाइम’ असतं. पण ज्या अल्बममधली ही गाणी, तो अख्खा ऐकलास का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘सगळा नाही, त्यातली दोन-तीन ऐकलीत.’ याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडं गुऱ्हाळं सुरू झाली की पाहुणे येतात. चरकाखालचा पेलाभर ताजा रस पितात, ‘झकास’ म्हणतात आणि गाडीला किक मारतात. त्यांनी रस प्यायला. गूळ कसा होतो ते त्यांनी पाहिलंच नाही. काहील चुलवाणावर चढते, रस तापतो, वर मळी येते, भेंडीचं पाणी घालून ती निथळून काढतात, मग उकळ्यांवर उकळ्या. रंग पालटतो, वास पालटतो, आणि गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का ते बघतो. आधी उतरवली तर काकवी, उशीर झाला तर करपली. या सगळ्याला दोन-तीन तास लागतात आणि तिथं कुणालाच घाई करता येत नाही. हे अल्बम असेच तयार झालेत. त्यातलं एक गाणं काढून ऐकणं म्हणजे पेलाभर रस.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घ्या, ‘मनी’ आणि ‘टाइम’ त्यातलीच. मार्च 1973 मध्ये आला, जेमतेम त्रेचाळीस मिनिटांचा आहे. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. तिसऱ्या जागी ‘ऑन द रन’ आहे. त्यात गाणं नाही, नुसता सिंथेसायझरचा धावता आवाज, पावलं, हाका. पोरं नेमकं तेच पुढं ढकलतात. ती मळी आहे, बाबांनो, ती वर आल्याशिवाय रस स्वच्छ होत नाही! त्या साडेतीन मिनिटांची धावपळ अंगावर घेतल्यावर घड्याळांचा जो एकदम कल्लोळ होतो, त्याचा धक्का निराळाच. पुढं ‘टाइम’ संपता संपता सुरुवातीच्या ‘ब्रीद’ची चाल परत येते. सुरुवात ऐकलीच नसेल तर काय परत आलं हे कळणार तरी कसं? त्यानंतर क्लेअर टॉरी नावाची पंचवीस वर्षांची गायिका एका शब्दाविना गाते. स्टुडिओत तिला सांगितलं होतं की शब्द नाहीत. मग तिनं गळाच वाद्यासारखा वापरला. आलापीवर वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता हे संगीत आपल्यापासून फार लांबचं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. पाचगणी आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला, पियानो वाजवायला लागला, शाळासोबत्यांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. 1958 च्या सुमाराची गोष्ट. तोच पुढचा ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीला सहलीला गेलेली माणसं हे अभिमानानं सांगतात आणि ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ गुणगुणतात. चांगलं आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1974 मध्ये आलेला ‘क्वीन टू’ किती जणांनी ऐकलाय? त्या तबकडीच्या बाजूंना एक आणि दोन असे आकडे नाहीत, एक पांढरी बाजू आणि एक काळी. काळ्या बाजूची सगळी गाणी फ्रेडीची. ‘ओगर बॅटल’पासून गाणी एकमेकांत अशी मिसळत जातात की कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं ते पटकन सापडत नाही. मध्ये रिचर्ड डॅडच्या एका चित्रावर रचलेलं गाणं आहे. इतक्या बारीक नक्षीचं ते चित्र, गाणंही तसंच ठासून भरलेलं. मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’, साडेसहा मिनिटांचं, त्यात आवाजावर आवाज चढवत नेलेत, चाल मोडते, लय बदलते, पुन्हा उभी राहते. माझ्या मते ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ची तयारी इथं झालीय. पण काळी बाजू सुरुवातीपासून वाजली तरच हे कानाला कळतं, मधलंच एक गाणं लावून कळत नाही.

या संगीताचा एक धागा मिरजेपर्यंतही येतो, त्याबद्दल जरा सावकाश बोलतो.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात उभं राहून जवारी लावताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच समजेल. भोपळा पंढरपूरच्या भागातून येतो, दांडी होते, तारा चढतात, तरी तंबोरा मुका असतो. मग कारागीर घोडीच्या माथ्याला किंचित, अगदी किंचित उतार देतो, घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. दोरा केसभर इकडं तिकडं झाला की तार नुसती टणकते. बरोबर जागी बसला की एका तारेतून एकावर एक सूर उमलत जातात. दीडशेहून जास्त वर्षं हे काम मिरजेत चाललंय, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हा गुंजणारा, न थांबणारा आधारस्वर या रॉक संगीतात शिरला. बीटल्सच्या 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधलं शेवटचं गाणं ऐका, ‘टुमॉरो नेव्हर नोज’. सगळं गाणं एकाच स्वराच्या पायावर उभं आहे आणि त्यात तंबोरा आहे. जॉर्ज हॅरिसन तर जानेवारी 1968 मध्ये मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चं ध्वनिमुद्रण करून गेला. पण त्याहून खोल गेलेली एक वाट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत 1955 च्या सुमारास सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची एक लाँग प्ले तबकडी निघाली, एका बाजूला एकच राग. ती ला माँट यंग नावाच्या तरुण संगीतकाराच्या हाती पडली, आणि पुढं त्यानं एकच स्वर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग केले. त्या प्रयोगांत वाजवणारा जॉन केल नंतर ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’मध्ये गेला. त्यांच्या 1967 च्या पहिल्या अल्बममध्ये व्हायोलाचा जो एकसुरी, खरखरीत घोष आहे, तो तिकडूनच आलाय. हाच यंग 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडं शिकायला बसला, त्याचा मित्र टेरी रायलीही बसला. आणि मिरजकरांनो, त्याच किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून आपण गाणं सोडावं आणि डोंगरात झोपडी बांधून आयुष्यभर एवढंच ऐकत बसावं, असं वाटल्याचं या यंगनं लिहून ठेवलंय. आपल्या मिरजेचे खाँसाहेब, मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेले!

इथं मला पुन्हा माझ्या मूळ मुद्द्यावर यावं लागतं. खाँसाहेबांच्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या, कारण तेव्हाच्या तबकडीत तेवढंच मावायचं. त्या तीन मिनिटांना त्यांचं सगळं गाणं कुणीही समजत नाही. 1948 मध्ये लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, आणि मोठा विस्तार तबकडीवर करता यायला लागला. येसच्या ‘क्लोज टू द एज’ला, जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’ला तीच जागा मिळाली. पिंक फ्लॉइडच्या ‘मेडल’ अल्बममधलं ‘एकोज’ साडेतेवीस मिनिटांचं आहे, एक अख्खी बाजू. कष्टानं मिळालेली ही जागा आपण फोनवर पुन्हा तीन-तीन मिनिटांत चिरायला लागलोय.

आणि हे कुठं, तर ज्या गावात दर्ग्याच्या चिंचेखाली रात्र-रात्र गाणं ऐकलं जातं तिथं. पाऊण तासाचा विलंबित ख्याल मांडी न मोडता ऐकणारे काका मला म्हणतात, ‘अहो, ते तेवीस मिनिटांचं गाणं कोण ऐकणार, नुसता गोंगाट!’ काका, तुमच्याइतकी तयारी कुणाची आहे? ‘एकोज’मध्ये मधोमध गाणं विरून जातं, वारा सुटल्यासारखं होतं, आणि बँडचा गिटारवादक गिल्मोर पेडल उलटं जोडून पक्ष्यांच्या किंकाळ्या काढतो. काहिलीचा रंग तिथं पालटत असतो. तेवढा वेळ बसून राहिलात, तर पहिला तो पियानोचा एकटा टिपूस परत येतो आणि सगळा वाद्यवृंद हळूहळू त्याच्यावर उभा राहतो. तुम्ही समेची वाट बघणारी माणसं, तुम्हाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. फक्त बसा.

वेळ थोडा राहिलाय, आणि साताऱ्याची आणखी एक गोष्ट सांगायचीच आहे. पुणे-सातारा रस्त्यावर उडतारे गाव लागतं. 2 डिसेंबर 1956 रोजी तिथं आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या मोटारीला मोठा अपघात झाला. पुढं ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड या मेहेरबाबांचा अनुयायी झाला. बाबांनी 1925 पासून अखेरपर्यंत मौन पाळलं आणि जानेवारी 1969 मध्ये त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘द हू’चा ‘टॉमी’ आला. दोन तबकड्यांची सलग कथा, न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा मुलगा तिचा नायक, आणि वेष्टनावर मेहेरबाबांचं नाव. लोकांना त्यातलं ‘पिनबॉल विझार्ड’ तेवढं ठाऊक असतं. पण सुरुवातीच्या वादनात जे सूर नुसते दाखवून ठेवलेत, ते सव्वा तासात एकेक करून परत येतात, दर वेळी निराळ्या अर्थानं. हे एका गाण्यात कसं मावणार? दोन वर्षांनी याच बँडनं ‘बाबा ओरायली’ केलं. त्यातले बाबा हे मेहेरबाबा, आणि ओरायली म्हणजे मघाशी सांगितलेला टेरी रायली. एका गाण्याच्या नावात उडताऱ्याचा रस्ता आणि किराण्याचा शिष्य!

 

काही कामाच्या सूचना देतो, लिहून घ्या. फोनवर ऐकणार असाल तर शफल बंद करा, म्हणजे क्रम मोडणार नाही. दोन गाण्यांच्या मध्ये शांतता घालणारी किंवा एकातून दुसरं वितळवणारी सोय असेल तीही बंद करा, कारण ‘क्वीन टू’च्या काळ्या बाजूचे सांधे त्यानं खराब होतात. तबकडीची पहिली बाजू कुठल्या गाण्याला संपते ते आधी बघून ठेवा आणि तिथं स्वतः थांबा, पाणी प्या, मग दुसरी लावा. ही विश्रांती रचनेतच आहे. सुरुवात ‘डार्क साइड’नं करा, मग ‘क्वीन टू’, मग ‘मेडल’. किंग क्रिमसनचा 1969 चा पहिला अल्बम नंतर ठेवा, पहिलंच गाणं कर्कश वाटून माणसं पळतात, आणि पळालं की दुसरं गाणं, बासरीचं, इतकं मऊ आहे ते हुकतं. जेथ्रो टलचा ‘थिक अॅज अ ब्रिक’ तर अख्खा मिळून एकच रचना आहे. तिथं तुकडा करायची सोयच नाही, म्हणून तो मला विशेष प्रिय आहे.

जर्मनीच्या ‘कॅन’ या बँडबद्दल बोलायचं राहिलं. त्यांच्या 1971 च्या ‘टागो मागो’त एक अख्खी बाजू एकाच तालावर चालते, अठरा मिनिटांच्या वर. याकी लीबेझाइट नावाचा ढोलकरी हात न बदलता असा वाजवत राहतो की आपल्या गजीढोलाच्या माणसांनी ते एकदा ऐकावं, आणि काय वाटलं ते मला कळवावं. त्या अल्बमच्याही दोन तबकड्या आहेत. पहिली आधी लावा, दुसरी अवघड आहे, ती दुसऱ्या दिवशी.