पत्त्यांच्या सामन्यांतील खिलाडूपणा

गणपतीच्या जागरणाला घरात मेंढीकोटाचा डाव मांडला म्हणजे हरलेल्या बाजूचा एकजण हटकून म्हणतो, "पानेच वाईट आली, त्याला कोण काय करणार!" हे वाक्य वरवर पाहता पराभवाची सबब होय, परंतु त्याने एक मोठे काम साधलेले असते. दोष दैवाच्या माथी जातो, भिडूच्या माथी जात नाही, आणि चहा येईपर्यंत पत्ते पुन्हा पिसले जातात. पत्त्यांच्या मोठ्या सामन्यांत नेमकी हीच पळवाट बंद केलेली असते. तेथील रागाचे मूळ शोधू गेल्यास ते येथेच सापडते.

ब्रिजचे उदाहरण घ्यावे. आज प्रचारात असलेल्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजला 1925 साली अमेरिकेतील हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी आकार दिला. त्याचे सामने बहुधा 'डुप्लिकेट' पद्धतीने होतात. या पद्धतीत एकदा वाटलेली पाने पुन्हा पिसत नाहीत. डाव संपला की प्रत्येकजण आपली तेरा पाने खाचा असलेल्या एका चपट्या पेटीत जशीच्या तशी परत ठेवतो, व तोच डाव पुढे दुसऱ्या टेबलावर खेळला जातो. गुण मिळतात ते त्याच पानांवर इतरांनी काय केले याच्याशी तुलना होऊन. पाने वाईट होती ही सबब येथे निरुपयोगी ठरते, कारण त्या बाजूस बसलेल्या सर्वांनाच ती वाईट होती. मग दोष द्यावा तरी कोणाला? स्वतःकडे घेणे जड जाते. प्रतिपक्षाने तर आपले कामच केलेले असते. राहता राहिला समोर बसलेला भिडू!

भिडूवरचा राग कोणत्या थराला जाऊ शकतो, याचा दाखला घरगुती खेळातही मिळतो. 1929 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे बेनेट नावाचे दांपत्य शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. पतीने चार इस्पिकांची बोली केली, ती पुरी झाली नाही. शब्दाने शब्द वाढला, पतीने पत्नीच्या थोबाडीत मारली, आणि थोड्याच वेळात तिच्या हातच्या पिस्तुलाने पतीचा अंत झाला. 1931 साली न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. हा प्रकार अपवादात्मक खराच; पण त्याची सुरुवात ज्या टोमण्यांतून झाली, ते टोमणे मुळीच अपवादात्मक नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथे जो सामना झाला, तो अधिक बोधप्रद आहे. एली कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ या दोन नामांकित खेळाडूंमध्ये आपापल्या बोलीपद्धतीच्या श्रेष्ठत्वाविषयी वाद होता. तो मिटविण्यासाठी दीडशे रबरांचा सामना ठरला, आणि डिसेंबर 1931 पासून जानेवारी 1932 पर्यंत तो चालला. वर्तमानपत्रांनी त्याला युद्धाच्या बातम्यांचे महत्त्व दिले होते. लेंझ यांचे वय साठीकडे झुकलेले. त्यांचा भिडू ऑस्वाल्ड जेकोबी तिशीच्या आतला, कल्पक आणि धाडसी. प्रतिपक्षाला चकविण्यासाठी जेकोबी मधूनमधून फसव्या बोली करीत. त्या लेंझ यांना रुचत नसत, आणि ती नापसंती त्यांनी टेबलावर, चारचौघांच्या देखत बोलून दाखविली. 103 रबर झाल्यावर जेकोबी सामना सोडून गेले. त्यांच्या जागी दुसरा भिडू घ्यावा लागला, आणि शेवटी कल्बर्टसन यांचा पक्ष 8,980 गुणांनी विजयी झाला.

लेंझ यांचा पक्ष जेकोबी गेल्यामुळेच हरला, असे म्हणता येणार नाही. तो आधीच मागे पडला होता. परंतु पिछाडीवर असतानाच भिडूची सर्वांत अधिक गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी तो गमावला. तो भिडू किती योग्यतेचा होता, हे काळाने दाखविले. 1983 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, याच जेकोबींनी अमेरिकेतील राष्ट्रीय दर्जाची एक प्रमुख सांघिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघातून खेळून दाखविले.

या वादळी सामन्याचे पंच होते आल्फ्रेड ग्रुएंथर नावाचे एक तरुण लष्करी अधिकारी. पुढे 1953 साली ते युरोपातील नाटो सैन्याचे सरसेनापती झाले. पंचाचे काम कोणत्या प्रकृतीच्या माणसाला शोभते, याची यावरून कल्पना यावी.

ब्रिजच्या नियमांचे पुस्तक उघडले तर त्यात सभ्यतेचा स्वतंत्र नियमच आढळतो. प्रत्येक खेळाडूने सदैव सौजन्याने वागावे, आणि दुसऱ्यास त्रास किंवा संकोच होईल असे बोलू अथवा करू नये, असा त्याचा आशय आहे. हा केवळ शिष्टाचाराचा उपदेश नव्हे. ब्रिजमध्ये भिडूला जे सांगावयाचे ते बोलीतून आणि पानांतूनच सांगावयाचे असते. भिडूने पान टाकताच कोणी सुस्कारा सोडला, कपाळाला हात लावला किंवा स्वर चढविला, तर त्याने आपल्या हातातील पानांची वार्ता आडमार्गाने पोहोचविली असे होते, आणि तिचा लाभ घेण्यास भिडूला नियमाने मनाई आहे. म्हणजे टेबलावर प्रकट झालेला राग आधी भिडूला दुखवितो आणि मग त्याचे हातही बांधतो.

राग आवरण्याचा भार मात्र नियमांनी एकट्या खेळाडूवर टाकलेला नाही. चूक लक्षात आणून दिली गेली की ताबडतोब पंचास बोलवावे, आणि तिचे निवारण खेळाडूंनी आपसांत ठरवू नये, असे बंधन आहे. नवख्यांना पंचाला बोलविणे म्हणजे फिर्याद करणे वाटते. वास्तविक दोन तापलेल्या माणसांना एकमेकांशी बोलण्याच्या प्रसंगातून सोडविण्याचा तो उपाय होय. चांगला पंच टेबलाशी येतो, प्रत्येकाचे म्हणणे पाळीपाळीने ऐकतो, आणि कोणी लबाडी केली हे न विचारता काय घडले एवढेच विचारतो. हाती रंग असून दुसरे पान टाकल्याची तक्रार असेल, तर खेळलेली पाने प्रत्येकापुढे क्रमाने मांडलेली असतातच. ती उलगडून पाहिली की स्मरणशक्तीचा वाद उरत नाही. मग तो पुस्तकातील नियम वाचून दाखवितो. निकाल माणसाच्या तोंडून न येता पुस्तकातून आला, तर तो स्वीकारताना कमीपणा वाटत नाही. शिवाय नियमांचा मूळ हेतू शिक्षा करण्याचा नसून ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करण्याचा आहे, ही गोष्ट पंचाच्या स्वरातूनही कळली पाहिजे.

एवढ्यावरही ज्याचा आवाज खाली येत नाही, त्याच्यासाठी अधिकार राखून ठेवलेला आहे. पंच गुण कापू शकतो, त्या बैठकीपुरते खेळाडूला दूरही करू शकतो. निर्णय अमान्य असेल तर अपिलाची वाट खुली असते. टेबलावर हुज्जत घालण्याची वाट मात्र कोणालाच खुली नसते. या अधिकाराचा वापर करताना पंचाने प्रथम हलक्या आवाजात, शक्य तर बाजूला नेऊन समज द्यावी. परंतु दुसऱ्या वेळी नामवंत आणि नवखा असा भेद करू नये. नामवंताचा संताप खपवून घेतला की ज्या नवख्यावर तो बरसला, तो पुढच्या सामन्याला येतच नाही. मग स्पर्धा मोजक्या जुन्या खेळाडूंपुरती उरते.

खेळाडूने स्वतः पाळावयाचा नियम याहून साधा आहे. एका बैठकीत बहुधा चोवीस ते सव्वीस डाव असतात, आणि एका डावाला सात-साडेसात मिनिटे मिळतात. बिघडलेल्या डावाची पाने पेटीत परत गेली म्हणजे तो डाव संपला. त्याची चर्चा बैठक उठल्यावर करावी. ज्याला आता दूषण द्यावयाचे, त्याच्याच भरवशावर पुढच्या मिनिटाला बोली करावयाची असते.

2018 साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी मिळविले. बर्धन त्या वेळी साठ वर्षांचे होते. त्या स्पर्धेत धावण्याची, उडी मारण्याची पदके एकेकट्याला मिळत होती. हे पदक मात्र दोघांना मिळूनच मिळविता येण्यासारखे होते. पत्त्यांच्या खेळात हुकमाचा एक्का कधी हाती येतो, कधी येत नाही. समोरचा भिडू मात्र प्रत्येक डावात असतो, आणि डाव बिघडल्यावर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.