जुना लेथ घेताना



टर्नरचे शिक्षण घेऊन आयटीआयमधून परतलेला मुलगा घरी म्हणतो, "दादा, जुना लेथ मिळतोय. घेऊ या. पंपाचे शाफ्ट, बुशा घरच्या घरी करू." बेत चांगला आहे. पण पैसा बहुधा कर्जाचा असतो, आणि यंत्र फसले तर यंत्र जागेवर राहते अन् हप्ते मात्र चालू राहतात. म्हणून जुना लेथ पारखावा कसा, एवढेच आज पाहू.

लेथ म्हणजे कातयंत्र. गावचा कातारी लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार टेकवतो, तीच ही युक्ती. फरक इतकाच की येथे हत्यार हाताने धरायचे नसते. ते कॅरेजवर घट्ट बसवलेले असते, आणि कॅरेज सरकते ती बेडवरून. बेड सरळ, तर काम सरळ.

बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवून त्याला उभा करतात ना? जुना लेथही तसाच रंगवतात. जाणता शेतकरी रंग पाहत नाही, दात पाहतो. आपण बेड पाहावा. बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून बेड तेथेच अधिक झिजतो; टेलस्टॉकच्या बाजूला फारसा झिजत नाही. कॅरेज चकजवळ आणा, तिचा लॉक-बोल्ट जेमतेम सरकेल इतका आवळा आणि तिला टेलस्टॉककडे न्या. वाटेत ती अडू लागली, तर चकजवळची झीज उघडी पडली असे समजा. बेड ग्राइंड करून मिळतो, पण तो खर्च आणि ने-आणीचे भाडे आधी किमतीत धरा.

मग चकात जाड सळई पकडून वर-खाली दाबून पाहा. स्पिंडल खेळतो का ते कळेल. सगळ्या गतींवर यंत्र चालवा. अर्ध्या तासाने ते बंद करून हेडस्टॉकला हात लावा. चटका बसला तर बेअरिंगची चौकशी करा. क्रॉस-स्लाइडचे हँडल थोडे रिकामे फिरले तर घाबरू नका. तो नट बदलता येतो. मात्र तेवढी किंमत कमी करून मागा. आटे पाडायचे असतील तर बदलीचे गिअर मोजून घ्या. मोटार थ्री-फेज आणि घरची वीज सिंगल-फेज असेल, तर तोही खर्च आलाच.

शेवटची परीक्षा सर्वांत खरी. दीड इंच जाडीची सळई चकात घट्ट धरून चार इंच लांबीवर हलका काप घ्या आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा. मापात फरक आला, तर त्याचे कारण कळल्यावाचून विसार देऊ नका. जो यंत्र चालवूनच दाखवत नाही, त्याला दुरून रामराम करावा.

आणि घरी आणल्यावर एक पथ्य पाळा: सैल बाही नको, आणि चकची चावी चकात विसरू नका. लेथ दुसरा मिळेल, हात दुसरा मिळत नाही.